पत्ता कुणाचा?

परवा दोन दिवस सेलूला आत्याकडे होतो. घरात जरा सुतकी वातावरण. आतेबहिणीच्या मुलीने एका नोकरीसाठी अर्ज केला होता, आणि मुलाखतीचे पत्र तिला मुलाखतीची तारीख उलटून गेल्यावर मिळाले. पत्र आले होते वेळेवरच, पण ईमेलने, आणि तेही फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराच्या ईमेलवर.

"अगं, तुझा ईमेल का नाही दिलास?"

"मामा, मला कुठंय ईमेल! त्यांनीच टाकला त्यांचा."

दुकानदाराला तरी काय बोलणार? रांगेतल्या प्रत्येकाचे खाते तो कुठे उघडत बसणार? पण मला राग आला तो आपल्या शिकवण्याच्या पद्धतीचा. या मुलीने कॉम्प्युटरचा कोर्स केलाय, इनबॉक्स, ड्राफ्ट, अटॅचमेंट सगळे पाठ आहे. ईमेल म्हणजे आपला पत्ता, तो दुसऱ्याचा देऊन चालत नाही, एवढेच तिला कुणी सांगितले नाही.

गंमत म्हणजे हे सगळे खरे समजले ते काकांना. काका सरकारी कचेरीतून टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेले. मी भाचीला सीसी समजावत होतो, तर ते पेपरातून डोके वर काढून म्हणाले, "म्हणजे कार्बन कॉपीच की रे!" अगदी बरोबर, सीसी म्हणजे कार्बन कॉपीच. सरकारी पत्राच्या तळाशी 'प्रत माहितीस्तव' असते, तेच हे. मग बीसीसीही त्यांनीच सांगितली : मूळ कागद मशीनमधून काढून घ्यायचा आणि नाव फक्त कार्बनच्या प्रतीवर टाइप करायचे, म्हणजे साहेबाला कळत नाही प्रत आणखी कुणाला गेली ते. (हे ते फारच उत्साहाने सांगत होते, असो.)

मग तर रांगच लागली. इनबॉक्स म्हणजे आवक, सेंट म्हणजे जावक, ड्राफ्ट म्हणजे कच्चा मसुदा, अटॅचमेंट म्हणजे 'सोबत'. सब्जेक्ट तर 'विषय' म्हणून आपण शाळेपासून लिहितो. आणि ॲट द रेट? १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन इंजिनिअरने नाव आणि मशीन वेगळे दाखवायला हे चिन्ह निवडले, कारण ते कुणाच्या नावात येत नाही. तोवर ते बिलात भावाच्या आधी लिहायचे : इतके क्विंटल कापूस, अमुक दराने. सेलूसारख्या कापसाच्या गावाला ते कशाला परके वाटावे?

एकाच गोष्टीला काकांकडे जुना शब्द सापडेना, तो म्हणजे पासवर्ड. पोस्टमन चेहरा पाहून पत्र देतो, ईमेल चेहरा बघत नाही. पासवर्ड ज्याच्याकडे, पत्र त्याचे. आणि पासवर्ड विसरला तर नवा करण्यासाठीचा कोड खात्याला जोडलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर दुकानदाराचा असेल, तर आपल्या नावाचे खातेही आपले नाही. म्हणून माझे मत असे, की शिकवण्याची सुरुवात इथून करावी, सीसी-बीसीसी नंतर. दुसरे म्हणजे स्पॅम. संशयित टपाल वेगळे ठेवायचा तो कप्पा, पण चांगली पत्रेही चुकून त्यात जाऊन पडतात. अर्ज केला असेल तर रोज तिथेही डोकवावे.

त्याच संध्याकाळी भाचीचे खाते उघडले. नंबर तिचा, पासवर्ड तिनेच टाकला, आम्ही दोघे पाठ करून बसलो. आधीच्या अर्जांपैकी दोन ठिकाणी ईमेल बदलता आला, तिसऱ्या ठिकाणी फोन लावतोय, अजून कुणी उचललेला नाही.

काकांनीही खाते उघडून घेतले. काल त्यांचे पहिले पत्र आले. विषय : खुशाली कळविणेबाबत. संदर्भ : आपली सेलू भेट. मग दोन ओळी मजकूर, आणि खाली, सोबत : निरंक.