नूडल्स कोरड्याच हव्यात

हाँगकाँगच्या 'चा चान तेंग'मध्ये, म्हणजे तिथल्या चहा-नाश्त्याच्या साध्या हॉटेलांत, 'लो दिंग' मागवलं की इन्स्टंट नूडल्सच पुढ्यात येतात, पण बिनरश्श्याच्या. उकळायच्या, निथळायच्या, सॉसमध्ये कालवायच्या. 'लो' म्हणजे कालवणं. 'दिंग' हे निस्सिन कंपनीच्या तिथे घरोघरी खाल्ल्या जाणाऱ्या नूडल्सच्या चिनी नावातलं शेवटचं अक्षर.

या नूडल्सवर घालायला एक्सओ सॉससारखं दुसरं काही नाही. १९८०च्या दशकात हाँगकाँगच्या बड्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत तो जन्मला. पेनिन्सुला हॉटेलच्या 'स्प्रिंग मून'ला त्याचं श्रेय अनेकदा दिलं जातं. तेव्हा शहरात पैसा खेळत होता आणि एक्सओ कोन्याक ही ब्रँडी श्रीमंतीची खूण होती. सॉसने तिचं फक्त नाव घेतलं, त्यात कोन्याकचा थेंबही नसतो. असतं ते वाळवलेल्या स्कॅलप शिंपल्यांचं मांस, सुकी कोळंबी, चिनहुआचं खारवलेलं हॅम, लसूण, छोटे कांदे, मिरची आणि भरपूर तेल. स्कॅलप काही तास भिजवायचे, वाफवायचे, हाताने तंतू तंतू सोडवायचे. मग सगळं मंद आचेवर तळत राहायचं. पाणी आटतं, रंग गडद होतो, चव एकवटते.

इतक्या मेहनतीचा सॉस रश्श्यात घालणं म्हणजे तो वाया घालवणं. त्याचा जीव तेलात असतो. रश्श्यात ते तेल वर तरंगतं आणि शिंपल्याचे तंतू तळाशी जातात. कोरड्या नूडल्सना मात्र ते शेवटच्या घासापर्यंत धरून राहतं.

कृती पाच मिनिटांची, तरी दोन गोष्टींत हयगय नको. पाकिटावरच्या वेळेपेक्षा मिनिटभर आधीच नूडल्स उतरवायच्या आणि त्यांचं दोन-तीन चमचे पिठूळ पाणी बाजूला ठेवायचं. कालवताना त्यानेच सॉस मिळून येतो. पाकिटातली मसाल्याची पुडी मात्र फोडायची नाही. सॉसमध्ये मीठ पुरेसं असतं आणि सुक्या शिंपल्यांत ग्लुटामेट मुळातच भरपूर असतं. किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोम्बू या समुद्री शेवाळात शोधलेली 'उमामी' चव ती हीच. सॉस गॅस बंद केल्यावर घालायचा. तो आधीच शिजलेला असतो. पुन्हा तापवला तर लसूण करपून कडू होतो. अंड्याच्या ताज्या नूडल्स असतील तर हाँगकाँगचे आचारी त्या उकळून गार पाण्यातून काढतात आणि पुन्हा क्षणभर गरम पाण्यात बुडवतात. 'थंड नदी ओलांडणं' म्हणतात त्याला. वरचा चिकटपणा आणि अल्कलीचा वास धुऊन जातो, दाताखाली ताण उरतो.

बाजारातली बाटली घेताना घटकांची यादी वाचावी. तेल, साखर आणि मिरची आधी येऊन शिंपले पार शेवटी असतील, तर ते नुसतं तिखट तेल.

महागड्या बाटलीवाचून अडायचंही कारण नाही. सुकवलेल्या मासळीची चव कोकणाला शिकवावी लागत नाही. हाँगकाँगच्या शेउंग वान भागात सुक्या मासळीच्या दुकानांच्या रांगा आहेत, तशा आपल्याकडे सुक्या बाजारात कोळणी सोडे, जवळा, बोंबील घेऊन बसतात. सोड्यांची खिचडी आणि जवळ्याची चटणी करणाऱ्या घरांना ही बरणी अवघड नाही. ती एक्सओ होणार नाही, होण्याची गरजही नाही. सोडे भिजवून बारीक कापावेत, लसूण, कांदा आणि सुक्या मिरचीबरोबर भरपूर तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतावेत, गार झाल्यावर कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावेत. येत्या रविवारी एवढं एकदा कराच. आठवडाभर रात्री उशिरा घरी येणाऱ्याला नूडल्स उकळण्यापुरताच वेळ लागेल.