आपोआप मोडणाऱ्या वस्तू

आमच्या घरात आजवर कुणीही, काहीही फोडलेलं नाही. तशी कपबश्यांची संख्या दर सहामाहीला घटते, लोणच्याच्या दोन बरण्या झाकणांवाचून विधवा झाल्या आहेत, आणि दिवाणखान्यात जिथं काचेची फुलदाणी असायची तिथं गेली तीन वर्षं पितळी तांब्या विराजमान आहे. पण कुणालाही विचारा, उत्तर एकच. "बशी फुटली." सौ.ला विचारा, कन्येला विचारा, आमच्या मातोश्रींना विचारा. फारच खोलात शिरलात तर एवढंच निष्पन्न होतं, की बशी 'हातून' फुटली. कुणाच्या हातून, ते त्या बशीलाच ठाऊक!

मी पडलो मराठीचा मास्तर. त्यामुळे या उत्तराचा राग येण्याऐवजी मला त्याचं कौतुकच वाटतं. फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे अशा जोड्या आपल्या भाषेनं करून ठेवल्या त्या काय उगीच? एक अकर्मक, दुसरं सकर्मक, एवढं सांगून आम्ही वर्गात मोकळे होतो. घरोघर मात्र त्यांचा उपयोग निराळा. फोडायला माणूस लागतो. फुटायला नुसती बशी पुरते. आणि 'मोडणे' हे तर दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभं असलेलं क्रियापद! "खुर्ची मोडली" या वाक्यातली खुर्ची आपण होऊन मोडली, की कुणी मोडली आणि त्याचं नाव तेवढं गाळलं, हे खुद्द दादोबा पांडुरंग आले तरी सांगू शकणार नाहीत.

या माझ्या व्याकरणाची एकदा चांगलीच परीक्षा झाली. २०१९ सालच्या डिसेंबरात, आणि तीही यंत्रमानवांच्या स्पर्धेत.

यंत्रमानव म्हटल्याबरोबर वाचकांच्या डोळ्यांपुढे लोखंडी छातीचा एखादा राक्षस उभा राहील. तसं काही मनात आणू नका. आमचा रोबोट बुटांच्या खोक्यापेक्षा फारसा मोठा नव्हता. लेगोच्या ठोकळ्यांची चाकं लावलेली गाडी, पोटात विजेऱ्या, पुढे एक दांडा, झालं. कन्या तेव्हा आठवीत होती. तिच्या शाळेतल्या आठ मुलामुलींनी 'फर्स्ट लेगो लीग' नावाच्या स्पर्धेत नाव घातलं होतं. डीन केमेन नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९८९ साली 'फर्स्ट' ही संस्था काढली. १९९८ साली लेगो कंपनीशी संगनमत करून लहान मुलांसाठी हा खेळ सुरू झाला. दरवर्षी त्याला नवा विषय असतो. त्या वर्षीचा विषय होता शहर आणि त्यातल्या इमारती.

खेळ होतो तो टेबलावर. सुमारे आठ फूट लांब आणि चार फूट रुंद, भोवती बुटकी भिंत, वर छापील चटई, आणि चटईवर लेगोचंच एक छोटं शहर. एक क्रेन, एक लिफ्ट, वाहतुकीची कोंडी, आडवा पडलेला पोलादी सांगाडा आणि मुलांच्या बागेतला एक झोपाळा. रोबोटनं अडीच मिनिटांत फिरून होतील तेवढी कामं उरकायची. मुलांनी आधी लिहून दिलेल्या आज्ञांप्रमाणे तो आपला आपण चालतो. तो घराबाहेर असताना त्याला कुणी हात लावला, तर सहा लाल चकत्यांतली एक जाते आणि तिच्याबरोबर गुणही जातात.

सुताराकडून करून घेतलेलं हे टेबल दिवाळीच्या सुटीत आमच्याच दिवाणखान्यात येऊन बसलं. शाळेला सुटी, आणि आमचा दिवाणखाना काय, धर्मशाळाच! त्या वर्षी लक्ष्मीपूजनाची पाटं कुठे मांडायची यावरून मातोश्रींनी जे भाषण केलं ते मी इथं देत नाही. पण संध्याकाळी चकल्यांचं ताट घेऊन त्याच टेबलाशी उभ्या राहायच्या आणि लिफ्ट खाली आली की टाळी वाजवायच्या.

आता मुख्य गोष्ट. ही शहरातली बांधकामं चटईवर चिकटवलेली असतात, पण खिळ्यांनी नव्हे, डिंकानंही नव्हे. प्लॅस्टिकचे चौकोनी तुकडे असतात, त्यांवर भूछत्रांसारखे बारीक बारीक खुंट. दोन तुकडे एकमेकांवर दाबले की खुंटांत खुंट अडकतात. 'ड्युअल लॉक' म्हणतात त्याला. धरून ठेवतं चांगलं, पण रोबोट भलत्या जागी धडकला तर अख्खी इमारत पायासकट उपटून येते. आणि रोबोट धडकतोच. विजेऱ्या ताज्या असल्या की तो बोटभर जास्त धावतो, चाकाखाली चकलीचा कण आला की वळतो. महिनाभरात आमच्या शहराची जी पडझड झाली ती पाहून मला आमच्या नगरपालिकेबद्दल थोडी सहानुभूती वाटू लागली.

या पडझडीत मी कान देऊन ऐकत होतो ती मुलांची भाषा. "झोपाळा निघाला." "लिफ्ट तुटली." थोडं दटावून विचारलं, तर एक नवाच कर्ता निघायचा. "आम्ही नाही काका, त्यानं पाडली!" 'त्यानं' म्हणजे रोबोटनं. म्हटलं, वा! आम्ही बिचारे 'हातून' म्हणत होतो. इथं हात लावायलाच बंदी, तेव्हा तोही पुरावा नाहीसा. एकीनं आज्ञा लिहिल्या, दुसऱ्यानं चाकं बसवली, तिसऱ्यानं कळ दाबली, आणि मोडलं कुणी, तर ज्याला जीव नाही त्यानं.

खेळाचे नियम करणाऱ्यांनी मात्र या भानगडीत न पडण्याचा शहाणपणा केला आहे. त्यांचा नियम मला फार आवडला. रोबोटनं एखादं बांधकाम चटईवरून उखडलं किंवा मोडलं, आणि त्या मोडतोडीमुळे एखादं काम उघडउघड साधलं किंवा सोपं झालं, तर त्या कामाचे गुण नाहीत. बस्स. मुद्दाम केलंत की चुकून झालं, कुणी केलं, का केलं, काही विचारायचं नाही. शिक्षा नाही, दंड नाही, ओरडा नाही. मोडून मिळालेलं तेवढं घ्यायचं नाही, इतकंच.

थोरांच्या खेळात हे प्रकरण जड होतं. त्याच संस्थेची कॉलेजात जाण्याच्या वयाआधीच्या मुलांची जी मोठी स्पर्धा आहे, तिथल्या यंत्रांना त्या वर्षी सव्वाशे पौंडांपर्यंत वजनाची मुभा होती, तीही विजेरी सोडून! असलं धूड मैदानाच्या कठड्यावर आदळल्यावर काय होत असेल याची कल्पना करा. तिथं मैदानाचं नुकसान करणाऱ्याला दंडाचे गुण मोजावे लागतात, आणि पुन्हा तेच होण्याचा संभव दिसला तर यंत्र जागच्या जागी बंद पाडतात. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या मुलांची रोबोकॉन स्पर्धा वाचकांपैकी काहींना माहीत असेल. तिचा आशियाई सामना २०१४ साली पुण्यात झाला तेव्हा मैदानावर चक्क सीसॉ आणि झोपाळा मांडला होता, आणि मोठ्या रोबोटनं धाकट्याला तिथं खेळवायचं होतं. पुढे २०२२ साली दिल्लीत विषय होता लगोरी! मला वाटतं, ज्यात पाडणं हाच खेळाचा भाग आहे असा तो एकच प्रामाणिक खेळ. लगोरी फुटत नाही, फोडावीच लागते. आणि फोडल्यावर रचावीही लागते.

असो. डिसेंबरात स्पर्धेचा दिवस उजाडला. एका शाळेचं मोठं सभागृह, टेबलांच्या रांगा, गोंगाट असा की पंगतीची आठवण व्हावी. प्रत्येक संघाला तीन डाव, त्यांतला जो उत्तम तो धरायचा. आमचे पहिले दोन डाव वाया गेले होते. तिसऱ्यात मात्र रोबोट शहाण्यासारखा निघाला. क्रेन झाली, कोंडी सुटली. मग तो झोपाळ्याकडे वळला. नेमक्या जागी धक्का बसला की अडकवून ठेवलेला झोपाळा सुटतो आणि वीस गुण मिळतात. पण रोबोट दोन बोटं पुढे गेला, चौकटीलाच भिडला. चौकटीचा कोपरा चटईवरून उचललेला मी स्वतः पाहिला. त्या हिसक्यानं झोपाळा सुटला. रोबोट मागे सरकला, चौकट परत खाली टेकली, जराशी वाकडी.

पंच त्या वेळी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वाकून काहीतरी पाहत होते. त्यांना दिसलं नाही.

डाव संपल्यावर पंच मुलांना बरोबर घेऊन एकेक काम तपासतात आणि गुण मांडतात, तशी पद्धत आहे. झोपाळ्यापाशी ते थबकले. चौकट हलवून पाहिली. "ही आधीपासूनच सैल होती का?" त्यांनी विचारलं. कुणी बोललं नाही. तरुण पंच, भला माणूस. "मला काही दिसलं नाही," तो म्हणाला, "आणि संशय असला की फायदा संघाला, असा आमचा नियम आहे. वीस मांडतो."

कठड्याबाहेर आम्ही पालक उभे होतो. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात कन्येनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आता लिहायला बसलो आहे तर खरं तेच लिहितो. मी ओठांवर बोट ठेवलं नाही. तेवढं धैर्य मला नव्हतं. मी फक्त मान हलवली. अगदी थोडी, डावीउजवीकडे. वर्गात एखादा मुलगा चुकीच्या पानावर वाचू लागला की हलवतो तशी.

ती पंचांकडे वळली. "सर, सैल नव्हती. सुरू व्हायच्या आधी आम्ही तपासली होती. आमच्या रोबोटनं उपटली."

"तू पाहिलंस?"

"हो. मीच लिहिलंय ते वळण. दोन सेंटिमीटर जास्त झालं."

पंचांनी वीसावर काट मारली. 'शाबास' म्हणाले नाहीत, पाठ थोपटली नाही. "ठीक आहे," म्हणून पुढच्या कामाकडे वळले. मला ते फार बरं वाटलं. कन्येच्या शेजारी उभा असलेला मुलगा मात्र रडवेला झाला होता.

या वीस गुणांनी काही बिघडलं का? बिघडलं. तक्त्यावर आमचा संघ दोन पायऱ्या खाली आला आणि खेळातला चषक दुसरीकडे गेला. शेजारचे गृहस्थ मला उद्देशून पण माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हरिश्चंद्राचं घराणं दिसतंय!" मी काय बोलणार? त्या घराण्यात माझा नंबर कुठे लागतो हे मलाच ठाऊक होतं. बक्षीस समारंभात कुणीतरी वुडी फ्लॉवर्स या प्राध्यापकांची आठवण सांगितली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते वारले होते. जीव तोडून खेळावं आणि तरी समोरच्याशी सौजन्यानं वागावं, ही या स्पर्धांची शिकवण त्यांचीच. भाषण चांगलं झालं. पण माझं लक्ष टेबलांकडे होतं. एक स्वयंसेवक खोकं घेऊन गुडघ्यांवर बसला होता. झोपाळ्याच्या चौकटीखालचे तुकडे अंगठ्यानं दाबून बसवीत होता, हलवून बघत होता, पुन्हा दाबीत होता.

घरी परतताना गाडीत कन्या खिडकीशी बसली होती. सौ.ला आणि मातोश्रींना झोप लागली होती. कधी कुणाला न सांगितलेली एक गोष्ट मी तिला सांगितली.

मी सातवीत असताना आमच्या शाळेत पृथ्वीचा एक मोठा गोल होता. मधल्या सुटीत तो फिरवायचा माझा छंद. एकदा जोरात फिरवला आणि गोल पितळी कमानीतून निसटून फरशीवर आपटला. आफ्रिकेपासून ब्राझीलपर्यंत उभी चीर! मी तो तसाच कमानीत अडकवून ठेवला. भूगोलाच्या सरांनी विचारलं तेव्हा वर्ग एका सुरात म्हणाला, "सर, गोल फुटला." वर्ग खोटं बोलत नव्हता, बाकीच्यांना खरोखरच माहीत नव्हतं. सरांनी कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्या शिपाईमामांना बोलावलं. पुढे कळलं की गोलाचे पैसे मामांच्या पगारातून कापले. मामा मला रोज घंटेला हात लावू द्यायचे. त्यानंतरही देत राहिले.

मी थांबलो. मला वाटलं, ती म्हणेल, "बाबा, तुम्ही तेव्हा लहान होतात." तिनं थोडा वेळ बाहेर पाहिलं.

"किती पैसे कापले मामांचे?" तिनं विचारलं.

ते मी कधी विचारलंच नव्हतं.