वीसची अट दहावर आणा



झाशी जिल्ह्यातल्या गरौठ्यात किंवा शेजारच्या गुरसरायमध्ये खासगी शाळा, दवाखाना, धान्याची आडत, कापडाचे दुकान, कुठेही पाहा. बहुतेक ठिकाणी आठ-दहा, फार तर पंधरा माणसे कामाला असतात. त्यांच्या म्हातारपणासाठी मालकाने एक रुपयाही बाजूला काढला नाही, तरी कायदा मोडत नाही. भविष्य निर्वाह निधीची (पीएफ) सक्ती वीस कामगारांपासून सुरू होते. कायदा केंद्राचा, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांतल्या नोकरांनाही हीच अट आडवी येते.

1952 साली हा कायदा फक्त सहा उद्योगांतल्या, पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना लागू होता. 1960 साली पन्नासाचे वीस झाले. नव्या आस्थापनांना सुरुवातीच्या वर्षांत मिळणारी सूटही 1997 मध्ये गेली. वीसचा आकडा मात्र साठ वर्षांहून अधिक काळ जागचा हललेला नाही. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तो तसाच ठेवला. राज्य कामगार विमा (ईएसआय) दहा माणसांपासून लागू होतो. आजारपणाला दहा आणि म्हातारपणाला वीस, हा कुठला न्याय?

छोट्या धंद्याला हे झेपणार नाही, असे मालक सांगतात. पण वीसपेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनेसाठी बारा टक्क्यांऐवजी दहा टक्के दराची सोय आधीपासूनच आहे. बारा हजारांच्या पगारावर मालकाचे महिन्याला बाराशे रुपये, तेवढेच कामगाराचे, वर थोडा प्रशासकीय आकार. एवढे ज्याला जड जाते, त्याने पगारपत्रक एकदा नीट पाहावे.

स्वेच्छेने पीएफमध्ये येण्याची वाट आहे, पण तिला मालक आणि बहुसंख्य कामगार दोघांची संमती लागते. मालक नको म्हणाला की विषय संपला. 2019 च्या श्रमयोगी मानधन या असंघटित कामगारांच्या निवृत्तिवेतन योजनेत कामगार हप्ता भरतो आणि तेवढीच रक्कम सरकार घालते. ज्याच्या गल्ल्यावर माणसाचे आयुष्य गेले, त्याच्यावर काहीच बंधन नाही.

केंद्रीय कामगार मंत्रालयाने ही अट दहावर आणून तिथे दहा टक्के दर सक्तीचा करावा. ज्या मालकांना हे पटते, त्यांनी कायदा बदलण्याची वाट पाहू नये. भविष्य निधी संघटनेचे 'निधी आपके निकट' शिबिर दर महिन्याच्या 27 तारखेच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत भरते. तिथे जाऊन स्वेच्छेने नोंदणी करावी.

— एक वाचक, गरौठा (जि. झाशी)