लॉकरचे भाडे आणि लॉकरमधला ऐवज

बँकेतील लॉकर उघडण्यास दोन किल्ल्या लागतात. एक ग्राहकाजवळ असते, दुसरी बँकेजवळ. खोली बँकेची, पहारेकरी बँकेचा, नोंदवही बँकेची, उघडण्या-मिटण्याची वेळही बँकेने ठरविलेली. असे असूनही कित्येक दशके आपल्या बँका सांगत आल्या की हे नाते केवळ घरमालक आणि भाडेकरूचे आहे, सबब आतील ऐवजाची जबाबदारी आमच्यावर नाही. २०१७ साली माहिती अधिकारातील एका अर्जास उत्तर देताना सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी हाच सूर लावला होता. घरमालकाची किल्ली लागल्याखेरीज स्वतःच्या घरात पाऊल टाकता येत नाही असा भाडेकरू मला तरी अन्यत्र आढळलेला नाही.

हा निव्वळ शब्दच्छल नव्हे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १४८ मध्ये निक्षेपाची, म्हणजे वकील मंडळी ज्याला बेलमेंट म्हणतात त्याची, व्याख्या आहे. विशिष्ट हेतूने दुसऱ्याच्या हवाली केलेला आणि हेतू पुरा झाल्यावर परत घ्यावयाचा माल, असा तिचा आशय. असा माल घेणाऱ्याने, सामान्य समंजस माणूस स्वतःच्या तशाच मालाची जितकी काळजी घेईल तितकी घ्यावी, असे कलम १५१ सांगते. माल नाहीसा झाला तर काळजी घेतली होती हे दाखविण्याचा भार त्याच्याच शिरावर येतो. त्याच व्यवहाराला भाडेपट्टा म्हटले की भार अलगद ग्राहकाच्या खांद्यावर सरकतो. ऐवज ठेवला होता हे त्यानेच सिद्ध करायचे, आणि बँकेचा निष्काळजीपणाही त्यानेच.

याचा अर्थ काय होतो हे कोलकात्याच्या एका खटल्यात दिसले. भाडे भरलेले असतानाही १९९४ साली बँकेने एका ग्राहकाचा लॉकर फोडला आणि दुसऱ्याला देऊन टाकला. ग्राहकाला हे कळले १९९५ मध्ये. सात दागिने होते असे त्याचे म्हणणे, हाती आले दोन. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की लॉकरच्या व्यवस्थेबाबत काळजी घेण्याचे बँकेचे कर्तव्य स्वतंत्र आहे, आणि एकतर्फी करार करून तिला ते झटकता येणार नाही. पाच लाख रुपये भरपाई आणि एक लाख रुपये खर्च बँकेवर बसला. चूक करणारे अधिकारी सेवेत असतील तर भरपाई त्यांच्या वेतनातून वसूल करावी, असेही म्हटले. आमच्या वर्गाने ते वाक्य दोनदा वाचावे. पण दागिन्यांचे काय? त्यासाठी दिवाणी न्यायालयात जा, असे सव्वीस वर्षांनंतर सांगण्यात आले.

या निकालानुसार रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम काढले. त्यांत चांगले पुष्कळ आहे. लॉकर उघडला गेल्याची सूचना ग्राहकाला त्याच दिवशी द्यायची, कॅमेऱ्याचे चित्रण किमान १८० दिवस जपायचे, कराराची प्रत ग्राहकाच्या हाती द्यायची. माझा आक्षेप एकाच तरतुदीला आहे. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट. ग्राहकाला हा आकडा भरघोस वाटतो. हिशेब करून पाहावा: दोन हजार रुपये भाडे असेल तर दोन लाख. २०२५ साली सोन्याने दहा ग्रॅमला एक लाखाचा टप्पा ओलांडला, म्हणजे त्या भावाने ही भरपाई वीस ग्रॅम सोन्याचीही नाही. भाडे ठरते ते लॉकरच्या आकारावर आणि शाखेच्या ठिकाणावर. आतील ऐवजाशी त्याचा संबंध नाही, पहारा किती चोख आहे याच्याशीही नाही. लहान गावातील शाखेत भाडे कमी, म्हणून तेथील स्त्रीधनाची भरपाई कमी! ज्याच्या हाती सुरक्षा आहे त्याचे नुकसान आधीच मर्यादित करून ठेवले, तर सुरक्षेवर तो किती खर्च करील, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

बँका म्हणतात, आत काय आहे हे आम्हाला ठाऊक नसते. मुद्दा खरा आहे, पण नवा नाही. १८६५ च्या वाहतूकदार कायद्याने त्याचे उत्तर दिलेले होते: सोने-चांदीसारखा शंभर रुपयांवरील माल असेल तर त्याचे मूल्य सांगा, वाहतूकदार त्यासाठी जादा दर घेईल. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १०३ मध्येही तेच तत्त्व आहे. मूल्य घोषित करून जादा आकार भरला तर त्या मूल्यापर्यंत जबाबदारी रेल्वेची. मालगाडीने जाणाऱ्या गठ्ठ्याला जी सोय आहे ती मंगळसूत्राला का नसावी? घोषणा ऐच्छिक असावी. ज्यांना ती नकोशी वाटेल त्यांची कारणे बहुधा आयकर खात्याशी संबंधित असतील, आणि त्यांच्यासाठी शंभर पटीची तरतूद आहेच.

सरकार स्वतः ग्राहक असते तेव्हा कसे वागते, हेही येथे नमूद करायला हवे. सरकारी साहित्य कंत्राटदाराच्या हवाली करताना आम्ही मालाची यादी करतो, मूल्य लिहितो, क्षतिपूर्तीचे बंधपत्र घेतो, विमा मागतो आणि वर बँक हमीही मागतो. ती हमी देणारी बँक बहुधा तीच असते, जी तळमजल्यावरच्या ग्राहकाला भाडेकरू म्हणते.

रिझर्व्ह बँकेला कायदा बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आदर्श करारात दोन कलमे वाढविली तरी पुरे: घोषित मूल्यानुसार दर आणि जबाबदारी हे एक, आणि कर्मचाऱ्याच्या लबाडीने झालेल्या नुकसानीला कोणतीही कमाल मर्यादा नाही, हे दुसरे.