जिन्याखालची व्हेस्पा

लोणच्याला बुरशी का येते, पैठणीची जर काळी पडली तर काय करावं, अशा नेहमीच्या प्रश्नांच्या गठ्ठ्यात या आठवड्याला एक निराळंच पत्र निघालं. एक वाचक भगिनी लिहितात:

“वडील गेल्यावर त्यांची जुनी व्हेस्पा स्कूटर मी मागून घेतली. वीस-बावीस वर्षं ती माहेरी जिन्याखाली, पोत्यांखाली पडून होती. भाऊ म्हणाले, भंगारात दे. मी हट्टानं टेंपोत घालून घरी आणली. मला गाड्यांतलं काही कळत नाही. आजवर बिनगिअरची स्कूटर चालवली, तेवढीच. कोपऱ्यावरचा मिस्त्री म्हणतो, रंग मारून घ्या, नवी कोरी दिसेल. यजमान म्हणतात, पैसे पाण्यात जातील. काय करू?”

ताई, दोघांचंही ऐकू नका. पैसे पाण्यात जाणार की कारणी लागणार, हे गाडीपेक्षा कामाच्या क्रमावर जास्त अवलंबून असतं. आधी कागद, मग इंजिन, मग पत्रा, मग चाकं आणि ब्रेक, आणि सर्वांत शेवटी रंग. अशा गाड्या अर्धवट राहतात त्या बहुतेक वेळा रंगापासून सुरुवात केल्यामुळेच. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसला तो प्रकार. गाडी चकचकीत होते, हातातले पैसे संपतात आणि इंजिन तसंच गप्प राहतं.

गाडीची ओळख

दुसरं महायुद्ध संपल्यावर इटलीतल्या पियाजिओ या विमानं बनवणाऱ्या कंपनीनं १९४६ साली व्हेस्पा बाजारात आणली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. ती आखणारे कोराडिनो द’आस्कानिओ हे विमानांचे इंजिनिअर. त्यांना मोटरसायकल मुळीच आवडत नसे: कपडे तेलकट होतात, साखळी सतावते, चाक बदलणं जिवावर येतं. म्हणून त्यांनी इंजिन झाकलं, साखळी काढून टाकली, गिअर डाव्या हातात दिला आणि पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलं. मध्ये पाय ठेवायला सपाट पत्रा. त्यामुळे स्कर्ट घातलेल्या बाईला, आणि आपल्याकडे साडी नेसलेलीलाही, ती चालवता येऊ लागली.

साठच्या दशकात बजाज ऑटोनं पियाजिओच्या परवान्यानं इथे व्हेस्पा बनवल्या. पुढे त्या पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यातून निघत. हा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून ‘चेतक’ आली. तुमची गाडी कोणत्या सालची, हे आरसी पुस्तकात पाहा. सुट्या भागांपासून तेलाच्या प्रमाणापर्यंत सगळं त्यावर ठरतं.

एक पैसा खर्चण्याआधी

गाडी अजून वडिलांच्याच नावावर असणार. मालकाच्या निधनानंतर ती वारसाच्या नावे करायला आरटीओत फॉर्म ३१ भरावा लागतो. सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि इतर वारसांची संमती लागते. भावांच्या सह्या आत्ताच घ्या. यात अविश्वासाचा प्रश्न नाही. आज गाडीला भंगार म्हणणारेच उद्या ती फिरू लागली की “बाबांची आठवण” म्हणू लागतात, आणि मग भाऊबीजेला तोंडं वाकडी होतात. सही आधी झालेली बरी.

आरसी पुस्तक हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवून दुय्यम प्रत मागावी. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर पुस्तकाशी जुळवून पाहा. आकड्यांवर कागद धरून पेन्सिल घासली की आकडे उमटतात. तो कागद जपून ठेवा, आणि आकड्यांवर कानस किंवा ग्राइंडर चालवायला कुणालाही बजावून मनाई करा. नंबर पुसला गेला तर गाडी कितीही सुंदर झाली तरी रस्त्यावर आणता येणार नाही.

पुढे दोन वाटा आहेत. रोज चालवायची असेल तर तपासणी करून नेहमीची नोंदणी वाढवून घ्यावी. ती पाच वर्षांसाठी मिळते. पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट हेही लागतं. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटली असतील आणि गाडी मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ म्हणूनही नोंदवता येते. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती यांखेरीज एरवी रस्त्यावर फिरवता येत नाही. तुम्हाला चालवायची हौस आहे, तेव्हा पहिलीच वाट बरी.

मिसळणाचा डबा कामाला येतो

काही उघडण्याआधी प्रत्येक बाजूचे फोटो काढा. वायर कुठून गेली आहे, केबल कुठे वळली आहे, सगळं टिपा. निघालेले स्क्रू आणि वायसर जुन्या मिसळणाच्या डब्याच्या वाट्यांत वेगवेगळे ठेवा आणि प्रत्येक वाटीला चिकटपट्टीवर नाव लिहा. मिस्त्रीला हसू आलं तर येऊ दे. तीन महिन्यांनी त्याच वाटीतून त्याला हवा तो स्क्रू सापडेल. जुना भाग बदलला तरी गाडी पूर्ण होईपर्यंत टाकू नका. नवा बसत नाही असं कितीदा तरी होतं.

इंजिन: किक मारू नका

वर्षानुवर्षं बंद असलेल्या गाडीला घरातला प्रत्येक पुरुष येता-जाता एक किक मारून बघतो. हे पहिल्याच दिवशी बंद करा. पिस्टन आत चिकटलेला असेल तर जोरानं रिंग तुटते, किकचे दातेही जातात. स्पार्क प्लग काढून त्या भोकात दोन चमचे पातळ तेल सोडावं, दोन-तीन दिवस तसंच ठेवावं आणि मग पंख्याचं चाक हातानं हळूहळू फिरवून पाहावं. फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर इंजिन उघडायचं काम जाणत्याचं.

इंजिन सहज फिरलं तरी क्रँकची ऑइल सील बदलूनच घ्या. ही रबरी कडी पडून पडून लाकडासारखी कडक होते. एका बाजूची सील गेली की गिअरबॉक्सचं तेल इंजिनात येतं आणि पांढरा धूर थांबत नाही. दुसऱ्या बाजूची गेली की तिथून हवा शिरते, इंजिन तापतं आणि चालता चालता जाम होतं. सील स्वस्त, बदलायला इंजिन खोलावं लागतं, म्हणून मिस्त्री टाळाटाळ करतो. आग्रह धरा.

पेट्रोलच्या टाकीत गंज असणारच. जुनं पेट्रोल गॅरेजवाल्याकडे द्यावं, मोरीत ओतू नये. टाकीत पांढरं व्हिनेगर आणि मूठभर नट टाकून ती हलवत राहावी, दोन दिवस ठेवावी, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच उन्हात वाळवावी आणि आतून तेलाचा हात फिरवावा. हे सगळं अंगणात किंवा गच्चीवर करा. जवळ निरांजन, उदबत्ती, शेगडी काही नको. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते आणि ती भरल्या टाकीपेक्षा घातक. म्हणून टाकीला झाळ मारायची तर माहितगाराकडूनच.

आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते ओलावा धरतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरची वायसरं नवी, इथेनॉल सोसणारी घाला. गाडी उभी केली की पेट्रोलचा कॉक बंद करायचा, जसा रात्री गॅसचा करतो तसा.

साठच्या दशकातल्या बहुतेक व्हेस्पांना लिटरला वीस मिलि टू-टी ऑइल लागतं. फार जुन्या मॉडेलांना याहून बरंच जास्त लागतं, म्हणून साल कळल्याशिवाय प्रमाण ठरवू नका. गिअरबॉक्सचं तेल वेगळं: एसएई ३०, साधारण पाव लिटर.

पत्रा: इथेच फसवणूक होते

मोटरसायकलला सांगाडा असतो. व्हेस्पाला नसतो, तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. म्हणून पाय ठेवायच्या जागेचा गंज हा शोभेचा प्रश्न मानू नका. तिथला पत्रा कुजला तर गाडी मधूनच वाकते. रबरी पट्ट्या काढून खालून टॉर्चनं पाहा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. खण्‌ वाजलं तर ठीक. भद्द वाजलं तर आत पोकळ.

फ्रिजवर लावायचं लोहचुंबक घेऊन अंगभर फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं. ज्या भगिनी तयार, रंगवलेली जुनी गाडी विकत घेणार असतील, त्यांनी तर हे चुंबक पर्समध्ये घालूनच जावं. कुजलेला भाग कापून तिथे नवा पत्रा वेल्ड करून घ्यावा. वरून लांबी थापू देऊ नये.

चाकं आणि ब्रेक

टायर दिसायला चांगले असले तरी बदला. जुनं रबर आतून तडकलेलं असतं. नवा घेताना बाजूवर चार आकडे पाहा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दुकानात पाच वर्षं पडून असलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका.

या गाडीची रिम दोन थाळ्यांची असते, नटांनी एकमेकींना जोडलेली. ट्यूबमधली हवा पूर्ण काढल्याशिवाय हे नट कधीही सैल करू नयेत. हवा भरलेली असताना थाळ्या सुटल्या तर तोफगोळ्यासारख्या उडतात. मुलं “मदत” करायला आली तर हे आधी सांगा.

ब्रेकचे जुने लायनर अ‍ॅसबेस्टॉसचे असू शकतात. ड्रममधली धूळ फुंकू नका. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या. जुना रंग घासतानाही पाणी वापरा, कारण त्यात शिसं असण्याचा संभव असतो. क्लच, ब्रेक, गिअर, अ‍ॅक्सिलरेटर या सगळ्या केबल एकदमच नव्या घाला. एकेक बदलत बसलं तर एकेक वाटेत तुटते.

घरच्या घरी

क्रोमवरचा हलका गंज चुरगळलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलनं पाणी लावून घासला की निघतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांना मात्र धुण्याचा सोडा लावू नका, काळ्या पडतात. साबणाचं कोमट पाणी पुरे. सीटचं शिवणकाम कुशनवाल्याकडून करवून घ्या, पण आतल्या स्प्रिंगा टाकू देऊ नका. डाव्या बाजूला पाय ठेवायची घडीची पट्टी असेल तर “लूक बिघडतो” म्हणून काढू नका. एका बाजूला पाय टाकून बसणारीचा आधार तोच असतो.

आता रंग

इतकं झाल्यावर गाडी निदान सहा महिने आहे त्या रूपात चालवा. राहिलेली दुखणी या काळात कळतात आणि नव्या रंगावर पाना घसरत नाही. याच काळात एकदा रबिंग कंपाउंड आणि मेण लावून पाहा. धुळीखालचा मूळ रंग पुष्कळदा शाबूत असतो. बाबांच्या मुठीनं झिजलेलं हँडल, त्यांनी लावलेलं स्टिकर, हातानं रंगवलेला नंबर, हे एकदा खरवडलं की कुठल्याच रंगाऱ्याला परत आणता यायचं नाही. नवी कोरी दिसणारी गाडी बाजारात पैसे टाकून मिळते. ही तुम्ही हट्टानं मागून घेतली ती तशी दिसावी म्हणून नाही. गंज थांबवा, वय राहू द्या. तरीही रंग हवाच वाटला तर खुशाल द्या, पण मग तो विचार करून दिलेला असेल.

खर्चाचं म्हणाल तर मिस्त्रीच्या अंदाजात निम्मी भर घालून तेवढी रक्कम वेगळी ठेवा आणि एका वेळी एकच काम द्या. ते पुरं झालं की पैसे, मग पुढचं काम. यजमानांचा विरोधही हळूहळू मावळेल. एकदा इंजिन सुरू झालं की तेच शेजाऱ्यांना बोलावून दाखवतील.

आणि चालवायला शिका. गाडी तुमची, तेव्हा मुलानं किंवा पुतण्यानं फिरवून आणली यावर समाधान मानू नका. गिअरच्या गाडीचं लायसन्स वेगळं असतं, ते आधी पाहा. इंजिन उजव्या बाजूला असल्यानं गाडी सुरुवातीला एकीकडे ओढल्यासारखी वाटते. मोकळ्या मैदानात सकाळी अर्धा तास, हेल्मेट घालून, नुसता क्लच आणि पहिला गिअर यांचा सराव करा. इंजिन नव्यानं बांधलं असेल तर पहिले पाचशे किलोमीटर दामटू नका.

ज्या भगिनींच्या घरी अशी लॅम्ब्रेटा, व्हेस्पा किंवा चेतक पडून आहे, त्यांनी साल आणि सध्याची अवस्था लिहून जरूर कळवावं. पुढच्या अंकात पैठणीच्या काळ्या पडलेल्या जरीबद्दल.