गोळीचा हिशेब द्या!



दगड कोणी मारला, हे सरकार लगेच विचारते. गोळी कोणी झाडली आणि का झाडली, हे आम्ही विचारले की मात्र सरकारच्या तोंडाला कुलूप!

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी मोर्च्यावर गोळ्या सुटल्या; १५ जण ठार झाले. जानेवारी १९५६ मध्ये शहर पुन्हा पेटले. आम्ही खोटे बोलणार नाही. तेव्हा दगडफेक झाली, जाळपोळ झाली, दुकानेही फुटली. ते आम्हांला शोभले नाही. पण लुटारू कोण आणि वाटेने जाणारा कोण, हे बंदुकीच्या गोळीला कळते काय? न्यायालयीन चौकशी मागितली, ती नाकारली. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडताना लोकसभेत या नकारावरच बोट ठेवले.

पुढे ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरू प्रतापगडावर आले. वाईपासून पसरणी घाटापर्यंत हजारो माणसे काळी निशाणे घेऊन उभी राहिली. घोषणांनी डोंगर दुमदुमला, पण माणसांनी शिस्त सोडली नाही. आमचे खरे बळ ते!

१९६० साली राज्य मराठी झाले. बंदुकीची सवय मात्र गेली नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबारात १० जण ठार झाले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे पोलीस म्हणाले. गुंडेवार आयोगाने चौकशी केली आणि हा गोळीबार अनाठायी ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी धरले. चौकशीच झाली नसती, तर टँकरची गोष्टच खरी ठरली असती ना?

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. दगड मारणाऱ्यावर खुशाल खटला भरा, आमची ना नाही. मोर्च्यात कोणी दगड उचललाच, तर त्याचा हात आधी आम्हीच धरू. पण त्याच्या दगडाआड पोलिसांनी लपायचे नाही. प्रत्येक गोळीबाराची चौकशी न्यायाधीशाने करावी, अहवाल विधानसभेपुढे ठेवावा. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच बजावले आहे. ते कागदावर नको, कामाला लागलेले हवे.

शांतता आम्ही राखू. हिशेब तुम्ही द्या!