यंत्रावरची मराठी आणि आपण

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आमच्या मराठी विभागातला लॅपटॉप एका दिवसात म्हातारा ठरला. वास्तविक त्याच्या कळा शाबूत होत्या, पडदा स्वच्छ होता. विंडोज ११ ला चालेल असा प्रोसेसर तेवढा त्यात नव्हता. डोंबिवली स्टेशनाजवळच्या दुकानदाराने जो भाव सांगितला तो रद्दीचा होता. आम्ही दोघांनी लॅपटॉप परत आणला आणि एका रविवारी त्यावर डेबियन लिनक्स बसवले.

काम वाटले होते तितके अवघड नव्हते. प्रणाली दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हवर चढवायची, लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा, जुने सारे आधी दुसरीकडे सुरक्षित ठेवायचे आणि मग डिस्क तिच्या स्वाधीन करायची. वायफायने दुपार खाल्ली, असो. सुरुवातीलाच भाषांच्या यादीत मराठी दिसली, ती निवडली. लिनक्सविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा येथेच थांबते: फुकट आहे, व्हायरसचा त्रास कमी. साहित्याच्या माणसाची खरी गोष्ट मात्र यानंतर सुरू होते, असे आमचे मत आहे.

विभागाच्या वार्षिक अंकांच्या जुन्या फायली आम्ही उघडल्या. पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. दोष लिनक्सचा नव्हता. युनिकोडपूर्व फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो फॉन्ट काढला की खाली उरे तो हा चिवडा. म्हणजे विद्यार्थ्यांच्या इतक्या वर्षांच्या कविता आम्ही जपल्या होत्या त्या एका फॉन्टच्या मेहेरबानीवर. रूपांतर करून घेतले, तर 'दऱ्या'चा 'दर्या' झाला आणि 'आचाऱ्यांना' जेवणाचे पैसे देण्याऐवजी ते 'आचार्यांना' दिले गेले. मराठीत अर्थभेद करणारा हा अर्धा र युनिकोडमध्ये आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे दाबले की ऱ मिळतो, पुढे हलन्त आणि य. एवढे आम्हांला पंधरा वर्षे शिकवता आले असते. शिकवले नाही, कारण ते 'टायपिंग' होते, आणि टायपिंग हे कोणा दुसऱ्याचे काम.

दुसरा धक्का शब्दांचा. मराठीतले मेनू वाचताना आम्ही प्राध्यापकी सवयीने नाके मुरडली: हे कोणी केले? उत्तर लाजवणारे आहे. २००० नंतरच्या दशकात इंडलिनक्ससारख्या उपक्रमांनी, पुण्यात रेड हॅटमध्ये काम करणाऱ्यांनी आणि हौशी स्वयंसेवकांनी ही भाषांतरे उभी केली. २००८ मध्ये सुरू झालेल्या फ्युएल प्रकल्पाने वारंवार लागणाऱ्या संज्ञा एकसारख्या करण्याचा प्रयत्न केला. त्या काळात आपले विभाग भाषांतरमीमांसेवर चर्चासत्रे घेत होते. ही भाषांतरे साध्या मजकुराच्या फायलींत असतात. कोणालाही त्या उघडता येतात, दुरुस्ती सुचवता येते. बंदिस्त प्रणालीतले मराठी वाईट असेल तर फार तर तक्रार नोंदवायची. येथे तक्रारीला जागाच उरत नाही, आणि कदाचित म्हणूनच आपण तिकडे फिरकत नाही.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. पुस्तक हातोहात फिरावे ही गोष्ट या परिसराला नवी नाही. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हा त्यांचा आग्रह याच जातीचा होता: वापरा, आत डोकावा, बदला, दुसऱ्याला द्या. शेवटच्या दोन गोष्टी पुस्तकालाही सहसा लाभत नाहीत.

अडचणी लपवण्यात अर्थ नाही. अंक छापणाऱ्याला अजून जुन्या फॉन्टमधलीच फाइल लागते. त्यासाठी एक विंडोजचे यंत्र आम्ही राखले आहे. एका सहकाऱ्यांचा आक्षेप असा की साहित्याच्या शिक्षकाने मेनू दुरुस्त करत बसू नये. आम्हांला तो पटत नाही. परिभाषाकोश कपाटात राहतो. मेनूतला शब्द मूल रोज वाचते. मात्र तेथे पांडित्य नको. फाइलला फाइलच म्हणावे, 'संचिका' कशाला? क्रियापद मात्र आपले हवे, आणि तेथे कान लागतो: धान्य साठवतात, पत्रे जतन करतात.

यंदा भाषांतराच्या तासाला आम्ही अशा चाळीस ओळी वाटल्या. 'अनडू'वर वर्ग अडला आहे. 'पूर्ववत करा' लांब वाटते. 'मागे घ्या' म्हटले की शब्द मागे घेतल्यासारखे होते. शिवणकाम करणाऱ्या आईची एक मुलगी 'उसवा' म्हणते. पुढच्या मंगळवारी पुन्हा बसणार आहोत.